रेकॉर्डरला वेळ कोण सांगतं?

साडेआठची मालिका रेकॉर्डला लावून सगळे लग्नाला जातात. रात्री परत येऊन पाहायला बसावं, तर सुरुवातीला आधीच्याच कार्यक्रमाची पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं गायब. कधी त्याहून वाईट होतं. मालिकेच्या नावाखाली दुपारी तीनचा स्वयंपाकाचा कार्यक्रम साठवलेला असतो. आई म्हणते, बॉक्स बिघडला. बाबा म्हणतात, केबलवाल्याला फोन कर. खरं तर बहुतेक वेळा बॉक्स ठणठणीत असतो. चुकलेलं असतं ते त्याच्या पोटातलं वेळापत्रक, म्हणजे ज्याला आपण ‘गाइड’ म्हणतो ते.

‘सगळं ओटीटीवर मिळतं, मग रेकॉर्डर कशाला?’ हा प्रश्न आमच्या पिढीतले अनेकजण विचारतात. मोठ्या मालिकांपुरतं ते बरोबर आहे. पण सह्याद्रीवरची एखादी मुलाखत, सकाळचं कीर्तन, पंढरपूरच्या महापूजेचं थेट प्रक्षेपण, एखाद्या गावच्या भजनी मंडळाचा अर्धा तास असं बरंच काही एकदा लागतं आणि नंतर शोधूनही हाती लागत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत आजीआजोबांचं मराठी जग बरंचसं या वाहिन्यांवर असतं. त्यामुळे गाइड नीट ठेवणं हे घरातल्या तरुण मंडळींनी अंगावर घ्यावं असं काम आहे. ते अवघड नाही, पण आतून कसं चालतं हे एकदा समजून घ्यावं लागतं.

रेकॉर्डरला कार्यक्रम दिसत नाही

पडद्यावर काय चाललंय हे रेकॉर्डरला कळत नाही. शीर्षकगीत सुरू झालं, पात्रं आली, जाहिरात लागली, यातलं काहीच त्याला समजत नाही. त्याच्याकडे असते ती फक्त एक यादी: अमुक वाहिनी, अमुक वेळ, अमुक मिनिटं. त्या वेळेला तो नळ सोडतो आणि त्या वेळेला बंद करतो. यादी चुकली तर तो अगदी प्रामाणिकपणे चुकीची गोष्ट साठवतो.

यावर जुन्या काळात एक सुंदर तोडगा निघाला होता. १९८५ साली पश्चिम जर्मनीतल्या सार्वजनिक वाहिन्यांनी चित्राच्या सिग्नलमध्येच एक छुपी खूण पाठवायला सुरुवात केली. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर त्या खुणेची वाट पाहत बसायचा. फुटबॉलचा सामना वीस मिनिटं लांबला, तर पुढच्या चित्रपटाची खूणही वीस मिनिटं उशिरा यायची आणि टेप तेव्हाच फिरायला लागायची. आजच्या डिजिटल प्रक्षेपणातही अशी सोय आहे. ‘आत्ता सुरू असलेला’ आणि ‘यानंतरचा’ अशा दोन कार्यक्रमांची माहिती सतत येत असते, तिच्यात ‘सुरू झाला’, ‘सुरू झालेला नाही’ असा शेराही असतो. पण वाहिनीने तो शेरा वेळच्या वेळी बदलला तरच त्याचा उपयोग. म्हणून बहुतेक घरगुती रेकॉर्डर घड्याळावरच विसंबून असतात.

हवेतून येणारी चिठ्ठी

भारतातल्या डिश आणि केबलच्या डिजिटल प्रक्षेपणाची भाषा डीव्हीबी या युरोपात तयार झालेल्या मानकाची आहे. चित्र आणि आवाजाच्या बरोबरीने सिग्नलमधून लहान लहान तक्ते येत राहतात. एका तक्त्यात वाहिन्यांची नावं, एकात आजची तारीख आणि वेळ, आणि एकात कार्यक्रमांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर सुरुवातीची वेळ, कालावधी, भाषा, नाव आणि थोडक्यात वर्णन असतं.

गंमत तारखेत आहे. चिठ्ठीवर ‘६ जुलै’ असं लिहिलेलं नसतं. १७ नोव्हेंबर १८५८ या दिवसाला शून्य धरून किती दिवस झाले तो आकडा असतो आणि वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते.

उदाहरण घेऊ. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती. समजा पंढरपूरच्या महापूजेचं प्रक्षेपण पहाटे अडीचला सुरू होणार आहे. चिठ्ठीवर ते ६०८६१ वा दिवस, वेळ २१:०० असं येईल. ६०८६१ वा दिवस म्हणजे ५ जुलै! बॉक्सने साडेपाच तास मिळवले की ६ जुलैचे पहाटेचे अडीच होतात. हे मिळवणं राहून गेलं, तर बॉक्स शनिवारी रात्री नऊला नळ सोडतो आणि एकादशीच्या पहाटे शांत झोपून राहतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या कार्यक्रमांची अशी तारीखच बदलते. कीर्तन, काकडआरती, परदेशातला क्रिकेट सामना हे नेमके त्याच वेळेतले.

(जाता जाता: या दिवसांच्या आकड्याला चिठ्ठीवर १६ बिटांचीच जागा आहे. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५५३५, तो २२ एप्रिल २०३८ रोजी येतो. जुने बॉक्स त्यानंतर काय करतील ते पाहायला आपण असूच.)

आधी निदान, मग औषध

गाइड बिघडलं की बरेचजण थेट ‘फॅक्टरी रीसेट’ मारतात. त्यात वाहिन्यांचा क्रम, आवडत्या वाहिन्यांची यादी आणि काही बॉक्समध्ये जुनी रेकॉर्डिंगही जातात. त्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. तीन-चार वाहिन्यांवर आत्ता प्रत्यक्ष काय चाललंय आणि गाइड काय म्हणतंय हे शेजारी शेजारी लिहा. चुकीचा आकार पाहिला की कारण सापडतं.

सगळ्या वाहिन्या सारख्याच पुढे किंवा मागे असतील, तर दोष घड्याळात आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर टाइम झोन नेमलेलाच नाही. फरक अर्ध्या तासाचा असेल, तर कुणीतरी +५ किंवा +६ निवडलं आहे. परदेशातून आणलेल्या काही स्वस्त बॉक्समध्ये हे सहज होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची भानगड नाही, त्यामुळे ‘समर टाइम’ किंवा ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद ठेवा आणि +५:३० कायमचं करून टाका.

एकच वाहिनी चुकत असेल आणि तिथे भलत्याच वाहिनीचे कार्यक्रम दिसत असतील, तर जोडणी चुकली आहे. वाहिनीची जागा बदलली, साध्या वाहिनीला एचडी वाहिनीचं वेळापत्रक चिकटलं, किंवा जुन्या क्रमांकावर नवी वाहिनी आली. वाहिन्या पुन्हा शोधायला लावल्या की हे बहुधा सुटतं.

गाइड रिकामंच असेल, तर बॉक्सला माहिती गोळा करायला सवड मिळत नसावी. उपग्रहावरच्या वाहिन्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत येतात आणि बॉक्स एका वेळी ज्या गठ्ठ्यावर असतो त्याची माहिती त्याला नक्की मिळते. बाकीची तो रात्री, स्टँडबायमध्ये असताना गोळा करतो. आपल्या घरांत झोपताना भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय असते. वीज वाचते हे खरं, पण बॉक्सची रात्रपाळीही बुडते. आठवड्यातून दोन रात्री तरी बटण चालू ठेवा.

आणि एखादाच कार्यक्रम पाच-दहा मिनिटांनी सरकत असेल, तर गाइडमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तिथे उपाय वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

देवनागरीची रिकामी खुर्ची

काही बॉक्सवर मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा विचित्र लॅटिन अक्षरं उमटतात. त्याला एक छोटा इतिहास आहे.

डीव्हीबीच्या चिठ्ठीवरचा मजकूर कोणत्या लिपीत आहे हे त्याचा पहिला बाइट सांगतो. रशियन, अरबी, ग्रीक, हिब्रू, थाई अशा लिप्यांना आयएसओ ८८५९ या मालिकेतून एकेक क्रमांक मिळाला. त्या मालिकेचा बारावा भाग देवनागरीसाठी ठेवला होता, पण १९९७ मध्ये ते काम सोडून देण्यात आलं. डीव्हीबीच्या तक्त्यात आजही ती खुर्ची रिकामी आहे. आपली अक्षरं नंतर युनिकोडमधून आली. मजकुराचा पहिला बाइट २१ असेल, तर पुढचं यूटीएफ-८ आहे असं बॉक्सने समजायचं. तो बाइट पाठवायचा राहिला, किंवा बॉक्सला त्याचा अर्थ कळला नाही, की बॉक्स सगळं लॅटिन समजून वाचतो आणि पडद्यावर कचरा दिसतो.

दुसरी अडचण जागेची. नाव आणि छोटं वर्णन यांना मिळून साधारण २५० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं, तर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. काना, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘कार्यक्रम’ या शब्दाची अशी नऊ चिन्हं होतात, म्हणजे २७ बाइट. त्या जागेत सगळी मिळून सुमारे ८० चिन्हं मावतात. म्हणून मराठी वर्णनं मध्येच तुटतात आणि शेवटी एखादा चौकोन लटकतो.

यावर वापरणाऱ्याने काय करायचं? बॉक्सच्या सेटिंगमध्ये गाइडची भाषा किंवा ‘कॅरॅक्टर सेट’ निवडता येत असेल, तर यूटीएफ-८ निवडून पाहा. टीव्हीहेडएंडसारख्या संगणकावरच्या रेकॉर्डरमध्ये ही निवड नेटवर्कच्या पातळीवर करता येते. बॉक्समध्ये मराठी फाँटच नसेल, तर मात्र गाइडची भाषा इंग्रजी ठेवलेली बरी.

एकच नाव, चार रूपं

‘ही मालिका रोज रेकॉर्ड कर’ असं सांगितलं की रेकॉर्डर गाइडमध्ये ते नाव शोधत राहतो. त्याचं शोधणं अक्षरशः असतं. रोमन लिपीत ‘माझी’ हा शब्द कुणी जे-एच घालून लिहितं, कुणी झेड, तर कुणी झेड-एच. सोमवारी एक रूप आलं आणि मंगळवारी दुसरं, की मंगळवारचा भाग गेला. रविवारी नावापुढे ‘महाएपिसोड’ जोडलं, तर तोही गेला.

देवनागरीत हे आणखी फसवं होतं, कारण फरक डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, जे २००८ मध्ये आलं, आणि दुसरं म्हणजे ‘अ’ वर चंद्र देऊन. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’ मधल्या ‘ऱ्या’ चंही तेच.

म्हणून नियम करताना पूर्ण नावावर विसंबू नका. नावातला न बदलणारा एखादा तुकडा घ्या आणि त्याला तीन कुंपणं घाला: वाहिनी कोणती, कोणते वार, आणि वेळ किती ते किती. ‘अमुक वाहिनी, सोमवार ते शनिवार, रात्री आठ ते साडेनऊमध्ये सुरू होणारं, नावात हा शब्द असलेलं’ असा नियम नावाच्या बदलांना पुरून उरतो. वेळेच्या कुंपणामुळे दुपारचं पुनःप्रक्षेपणही डिस्क भरत नाही. बॉक्समध्ये इतका बारीक नियम करता येत नसेल, तर गाइड बाजूला ठेवून साधा मॅन्युअल टायमर लावा. रोज ठरल्या वेळी लागणाऱ्या मालिकेला तोच सगळ्यात भरवशाचा.

मागेपुढे थोडं सैल ठेवा

ओळखीतल्या एका मावशींच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम एका वाहिनीवर संध्याकाळी साडेसहा ते सात लागणार होता. रेकॉर्डर बरोबर साडेसहाला सुरू झाला आणि सातला थांबला. पण आधीची चर्चा अकरा मिनिटं लांबली होती. हाती आलं ते असं: अकरा मिनिटं चर्चा, एकोणीस मिनिटं भजन आणि शेवटची भैरवी नाहीच. ती मावशींनी स्वतः गायली होती. मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे रेकॉर्डिंग नव्हतं. नातवंडांना आज दाखवायला मावशींकडे अर्धवट कार्यक्रम आहे.

या रेकॉर्डिंगमध्ये गाइड चुकलेलं नव्हतं, वेळापत्रक छापल्याप्रमाणेच होतं. कार्यक्रम उशिरा लागला एवढंच. याला एकच औषध आहे: पॅडिंग. सुरुवातीच्या आधी पाच मिनिटं आणि संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं जास्त रेकॉर्ड करायला सांगणं. जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डरमध्ये ही सेटिंग असते आणि बहुतेक घरांत ती शून्यावर असते. थेट प्रक्षेपण असेल, तर मागे तीस मिनिटं ठेवा.

डिस्क भरेल ही भीती हिशोबात टिकत नाही. साधी वाहिनी सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने येते असं धरू. एका तासाला १.८ जीबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांना ०.३ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर साडेपाचशे तास मावतात. खरी अडचण दुसरीच आहे. एकापाठोपाठ दोन वेगळ्या वाहिन्यांवरचे कार्यक्रम लावले, तर पॅडिंगमुळे ते एकमेकांवर चढतात आणि एकच ट्यूनर असेल तर एकाला माघार घ्यावी लागते. अशा वेळी ज्याचं पुनःप्रक्षेपण होणार आहे त्याचं पॅडिंग कमी करा. पुन्हा न लागणाऱ्याला जागा द्या.

स्वतःचं वेळापत्रक लिहिणारे

ज्यांना थोडी खटपट करायची हौस आहे त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता आहे. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्याला यूएसबी ट्यूनर आणि वर टीव्हीहेडएंड किंवा २००२ पासून चालत आलेलं मिथटीव्ही. दोन्ही मोफत आहेत. यावर फक्त मुक्त वाहिन्या रेकॉर्ड होतात. दूरदर्शनची फ्री डिश हे त्याचं चांगलं उदाहरण, ज्यासाठी मासिक वर्गणी नसते. कुलूपबंद सशुल्क वाहिन्या यात येत नाहीत. रेकॉर्डिंगही घरात पाहण्यापुरतंच ठेवायचं, यूट्यूबवर चढवायचं नाही.

या रेकॉर्डरना हवेतून आलेल्या गाइडशिवाय एक्सएमएलटीव्ही नावाच्या साध्या मजकूर-फाइलमधूनही वेळापत्रक देता येतं. ती फाइल नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येते. प्रत्येक कार्यक्रमाला वाहिनी, सुरुवात, शेवट आणि नाव एवढं पुरतं. वाहिनीच्या वर्तमानपत्रातल्या किंवा समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीत वेळ दिलेली असते, ती पाहून आठवड्याचे चार-पाच कार्यक्रम लिहायला दहा मिनिटं लागतात.

एक काळजी घ्या. वेळ अशी लिहायची असते: २०२५०७०६०२३००० +०५३० (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे). वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी आपला टाइम झोन. हा शेवटचा तुकडा गाळला, तर नियमाप्रमाणे ती जागतिक प्रमाणवेळ धरली जाते आणि पुन्हा तोच साडेपाच तासांचा घोळ. लिहून झाल्यावर उद्याचा एखादा कार्यक्रम गाइडमध्ये बरोबर वेळेला दिसतो का ते तपासा. फाइल चालली असं संगणकाने सांगितलं म्हणजे वेळ बरोबर लागली असं होत नाही.

रेकॉर्ड झाल्यावरची पाच मिनिटं

गाइडमधली माहितीच पुढे रेकॉर्डिंगचं नाव होते. गाइडमध्ये ‘माहिती उपलब्ध नाही’ असेल, तर फाइलचं नावही तेच. वर्षभराने अशा चाळीस फाइल साठतात आणि कुठल्या फाइलमध्ये काय आहे हे पाहण्याचा धीर कुणालाच नसतो. मग डिस्क भरली की त्या न पाहताच पुसल्या जातात. बऱ्याच कंपन्यांच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग तर त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बदलला की ते गेलं.

म्हणून जे जपायचं आहे ते त्याच आठवड्यात बाजूला काढा. नाव बदला: तारीख, वाहिनी, कार्यक्रम, आणि आपल्या दृष्टीने त्यात कोण आहे ते. ‘भजन, संध्याकाळचं, दुसऱ्या ओळीत डावीकडे मावशी’ एवढं लिहिलं तरी वीस वर्षांनी पाहणाऱ्याला पुरेल. हे वाक्य कुठल्याच वाहिनीच्या गाइडमध्ये येणार नाही, ते घरातल्याच माणसाला लिहावं लागतं. आजी-आजोबांना शेजारी बसवून लिहिलंत, तर पडद्यावरच्या माणसांची नावं, गावं, नाती आपोआप कळत जातात.

या रविवारी एवढंच करून पाहा. टाइम झोन +५:३० आहे का बघा, पॅडिंग पाच आणि पंधरा करा, आणि आईच्या किंवा आजीच्या आवडीच्या एका कार्यक्रमाचा नियम वाहिनी-वार-वेळ घालून नव्याने लिहा. सोमवारी सकाळी रेकॉर्डिंगची सुरुवात आणि शेवट तेवढा तपासा. दोन्ही टोकं जागेवर असतील, तर पुढचे कित्येक महिने त्या बॉक्सला हात लावावा लागणार नाही.